शिडाच्या बोटीवरची सुट्टी: वागण्याबोलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीसच्या सॅरॉनिक आखातात आम्ही आतापर्यंत चार वेळा शिडाची बोट भाड्याने घेऊन आठवडा काढला. परत आलं की ओळखीतल्यांचे फोन सुरू होतात. व्हिसा, विमान, खर्च विचारून झाला की समोरचा जरा आवाज खाली करतो आणि मग खरा प्रश्न येतो. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं आमच्या अनुभवातली आहेत. क्रोएशिया किंवा तुर्कस्तानात थोडा फरक पडेल, पण फार नाही.

१. चार्टर म्हणजे क्रूझच ना?

नाही. चार्टर म्हणजे आख्खी बोट भाड्याने घेणं. क्रूझवर तुम्ही दोन-तीन हजारांतले एक. इथे सहा-आठ जणांत आख्खी बोट, साधारण ४० ते ५० फुटांची, तीन-चार केबिनची. शनिवारी संध्याकाळी ताब्यात मिळते, पुढच्या शनिवारी सकाळी सोडायची. स्वतः चालवायची असेल तर परवाना लागतो, आणि ग्रीसमध्ये सोबत आणखी एक जाणकार माणूसही दाखवावा लागतो. आमच्याकडे परवाना कोणाकडेच नाही, म्हणून आम्ही स्किपरसकट, म्हणजे बोट चालवणाऱ्या माणसासकट घेतो. अथेन्सच्या अलिमोस मरीनातून निघायचं, एजिना, पोरोस, हायड्रा ही बेटं करत परत यायचं. पुढची उत्तरं अशाच सहलीला धरून आहेत.

२. ट्रॉली बॅग चालेल ना? चाकाचीच आहे घरात.

चालणार नाही. बोटीत कडक सुटकेस ठेवायला जागाच नसते आणि तिची चाकं डेकवर ओरखडे काढतात. घडी होऊन बाकाखाली जाईल अशी कापडी बॅग आणा, माणशी एक. एका जोडप्याने दोन मोठ्या ट्रॉल्या आणल्या, त्या आठवडाभर त्यांच्याच गादीवर होत्या आणि ते दोघं उरलेल्या जागेत.

३. चपला कुठे काढायच्या?

या एका बाबतीत मराठी माणसाला काही शिकवावं लागत नाही. धक्क्यावरून बोटीवर यायला फळी टाकतात, तिच्या टोकाशी टोपली असते. चपला, बूट त्यात. रस्त्यावरची वाळू आणि खडे डेकमध्ये रुततात, हे एक कारण. दुसरं म्हणजे खाली झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर तुमच्या टाचा वाजतात. दोरखंडांमध्ये काम करायचं असेल तर पांढऱ्या किंवा डाग न पाडणाऱ्या मऊ तळव्याचे, फक्त बोटीसाठी ठेवलेले बूट घाला. पायाच्या करंगळीला बोटीवरची प्रत्येक लोखंडी कडी सापडते, हे मी स्वतः चारही वर्षं अनुभवलं आहे.

४. स्किपरला काय हाक मारायची? आणि तो जेवतो कुठे?

नावानेच हाक मारा. 'सर' म्हटलं तर तो मागे वळून बघतो, कोण आलं म्हणून. धक्क्यावरचे लोक त्याला 'कापेतानिए' म्हणतात, तेही चालतं. आमच्या सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी त्याला 'तांडेल' करून टाकलं आणि त्याला ते आवडलं.

त्याचं जेवण गटाकडे असतं, ही रीत आहे. सामान भरताना त्याला धरून माणसं मोजा. त्याला वेगळी केबिन द्या. चार केबिनच्या बोटीत आठ जण कोंबले तर तो बिचारा बैठकीत झोपतो, आणि रात्री पाणी प्यायला उठणारा प्रत्येक जण त्याला जागं करतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा जीव त्याच्या हातात असतो. आम्ही म्हणूनच सहाच जातो.

रात्री टॅव्हर्नात, म्हणजे ग्रीक खाणावळीत जाताना त्याला विचारा, आणि 'येतो' म्हणाला तर त्याचं बिल तुमचं. 'नको' म्हणाला तर आग्रह करू नका. दिवसभर सहा अनोळखी माणसांचं मराठी ऐकल्यावर त्यालाही दोन तास शांतता हवी असते. आपल्याकडचा आग्रह इथे त्रास होतो.

५. पैसे आम्ही देतोय. मग कुठे जायचं हे आम्हीच ठरवणार ना?

कुठे जायला आवडेल ते तुम्ही सांगायचं, जायचं की नाही ते तो ठरवणार. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. आभाळ निळंशार, ढगाचा पत्ता नाही, आणि वारा मात्र टोपी उडवणारा. आकाश बघून 'हवा छान आहे की' म्हणणारा माणूस प्रत्येक गटात एक असतो. सॅरॉनिकमध्ये मेल्तेमी सायक्लेड्स बेटांपेक्षा सौम्य असतो, तरी अडकवतो. एका वर्षी हायड्राला टेबल राखून ठेवलेलं, आणि स्किपरने पोरोसहून निघायला नकार दिला. आमच्यातल्या एकाने दुपारभर 'पैसे' हा शब्द चार-पाच वेळा वापरला. संध्याकाळी हायड्राकडून आलेल्या एका बोटीचं फाटलेलं शीड बघितल्यावर वापरला नाही.

'का?' असं विचारायला काहीच हरकत नाही. चांगला स्किपर नकाशा उघडून दाखवतो. फक्त ते धक्क्याला लागताना विचारू नका (प्र. ११).

६. टॉयलेटचं कसं असतं?

हाच तो आवाज खाली करून विचारला जाणारा प्रश्न.

बोटीवरच्या संडासाची नळी मनगटापेक्षाही बारीक असते. नियम एकच: जे आधी पोटात गेलेलं नाही ते त्यात जाता कामा नये. टॉयलेट पेपरसुद्धा नाही. तो शेजारच्या झाकणाच्या डब्यात, पिशवी बांधून. ग्रीसच्या बऱ्याच घरांत आणि हॉटेलांतही हेच आहे, त्यामुळे कोणी नाक मुरडत नाही. ओले टिश्यू आणि सॅनिटरी पॅड तर चुकूनही नाही.

हातपंप असेल तर पुरेसा मारा. तीन वेळा दांडा हलवला आणि भांडं रिकामं दिसलं म्हणजे झालं नव्हे. मधल्या नळीत उरलेलं पुढच्या माणसाच्या वाट्याला येतं. पंधरा-वीस वेळा मारायचा. पुरुषांनीही बसूनच. बोट हलत असते, नेमबाजीची जागा नाही.

आपला पाण्याचा प्रश्न असा सुटतो: बेसिनचा नळ ओढला की नळीसकट बाहेर येतो, तोच शॉवर. जेट स्प्रेचं काम तो उत्तम करतो. नंतर खाली सांडलेलं पाणी उपसायचं बटण दाबायचं आणि जमीन पुसून बाहेर यायचं.

पहिल्या वर्षी आमच्यातल्या एकाने, नाव सांगत नाही कारण मला त्याच घरात राहायचंय, ओला टिश्यू टाकला. स्किपरने हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून भर दुपारी पंप खोलला. दोन तास लागले. त्या दिवशी जेवायचं कोणीच नाव काढलं नाही, आणि टिश्यू टाकणारा मात्र मधूनच 'काही मदत हवी का?' विचारत होता. तुंबलं तर लगेच सांगा. लपवून बटण दाबत राहिलं की जे एका नळीत अडकलंय ते टाकीपर्यंत जातं.

७. रोज आंघोळ करता येते ना? आणि मिक्सर आणू का, चटणीला?

हिशोब करू. टाकी ४०० लिटरची, स्किपर धरून माणसं सात. तीन दिवस पुरवायचं तर माणशी दिवसाला १९ लिटर, म्हणजे साधारण एक बादली. त्यातच दात, भांडी, तोंड, सगळं. बोटीवरची निम्मी भांडणं या बादलीवरून होतात. समुद्रात पोहून मागच्या पायरीवरच्या शॉवरखाली मीठ धुवायचं, साबण लावताना नळ बंद. केस रोज धुवायचे नाहीत. धक्क्याला लागल्यावर गावात पाणी भरून मिळतं, त्याचे पैसे वेगळे. ज्या दिवशी टाकी भरली त्या संध्याकाळी मनसोक्त.

विजेचंही तसंच. मिक्सर, ड्रायर, किटली यांना धक्क्यावरची वीज लागते. खाडीत नांगर टाकून राहिलात तर बॅटरीवर दिवे, फ्रीज आणि मोबाइल एवढंच. चटणी घरून कोरडी करून आणा. मिक्सरसाठी पहाटे सहाला इंजिन सुरू करायला लावणारा गट मी पाहिला आहे, शेजारच्या बोटीवरून.

८. केबिन कोणाला कुठली, हे कसं ठरवायचं?

विमानात बसायच्या आधी. पुढची केबिन मोठी दिसते, पण नांगराची साखळी तिच्याच डोक्यावर खडखडते. मागच्या केबिनला इंजिनाची ऊब. दोन बंकवाली मुलांना. ज्येष्ठांना संडासाजवळची द्या, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाका.

आणि मधल्या भिंती प्लायच्या असतात. पलीकडच्याची कूस बदललेली ऐकू येते. नवरा-बायकोचं भांडण, बँकेचे आकडे, तिसऱ्या माणसाबद्दलचं मत, हे सगळं धक्क्यावर फिरायला जाऊन उरकावं.

९. पोहे, खिचडी करता येते का? फोडणीचा वास कोणाला त्रासदायक होतो का?

करता येते, पण बोट थांबलेली असताना. चालत्या बोटीत ती कलली की चुलीवरचं तेल कुठे जाईल याचा भरवसा नाही. चूल झोकांड्या खात सपाट राहते हे खरं, पण कढई तिला चिकटलेली नसते. प्रेशर कुकर मात्र झकास: झाकण घट्ट, गॅस कमी. काम झालं की गॅस सिलिंडरकडूनही बंद करा. ते तुम्हाला पहिल्या दिवशी दाखवलेलं असतं.

फोडणीच्या आधी चुलीच्या वरची छतातली खिडकी उघडा आणि वारा कुठला ते बघा. शेजारची बोट तुमच्या वाऱ्याखाली असेल तर मोहरी-हिंगाचा मान तिला मिळतो. आमच्याकडे एकदा पलीकडच्या जर्मन आजी वाटी घेऊनच आल्या, पण यावर विसंबू नका.

हळद! पांढरी बैठक, पांढरं फायबर, पांढऱ्या उशा. हळदीचा डाग तिथून जात नाही. ताटल्या घेऊन गादीवर बसायचं नाही, कॉकपिटमध्येच, म्हणजे मागच्या उघड्या बैठकीतच खायचं. फवारा मारायचं सनस्क्रीनही असंच: लाकडी डेकवर डाग पडतो आणि मागून येणारा घसरतो. ते धक्क्यावर उतरून लावा, नाहीतर क्रीम वापरा.

ताजी भाजी एजिनाला घ्या, तिथे धक्क्याला लागलेल्या होडीतच भाजी विकतात. पिस्तेही तिथलेच.

१०. टॅव्हर्नाच्या धक्क्याला बोट फुकट लावता येते म्हणे. मग जेवलंच पाहिजे का?

हो. लहान खाड्यांमध्ये टॅव्हर्नावाल्याने स्वतःच्या खर्चाने लाकडी धक्का बांधलेला असतो. तुमचा दोर तो पकडतो, कधी पाणीही देतो, पैसे घेत नाही. त्याची किंमत म्हणजे रात्रीचं जेवण. तिथे बोट लावून आत खिचडी शिजवणं म्हणजे लग्नाच्या मांडवात बसून डबा उघडणं. जेवायचं नसेल तर खाडीत नांगर टाका.

शाकाहारी असलात तरी अडत नाही. 'निस्तीसिमा' विचारा, म्हणजे उपवासाचे पदार्थ. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासात मांस, अंडी, दूध चालत नाही, त्यामुळे प्रत्येक स्वयंपाकघराला ते माहीत असतात. पण त्यात कोळंबी आणि माखळी चालते, एवढं लक्षात ठेवून बोला. मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे 'गिगांतेस', पिवळ्या डाळीचा 'फावा', भात भरलेले टोमॅटो. फाव्यावर लिंबू पिळलं की वरणाची आठवण येते.

११. धक्क्याला लागताना मदत करावी की गप्प बसावं?

सांगितलं असेल तेच करावं, बाकी गप्प बसावं. इथे बोट पाठमोरी लावतात: पुढे नांगर टाकायचा, मागे मागे येत धक्क्याला दोर द्यायचे. आडवा वारा असेल तर त्या पाच मिनिटांत स्किपरला पुढचं-मागचं सगळं दिसायला हवं. तेव्हा उभं राहून व्हिडिओ काढणारा त्याच्या डोळ्यांपुढे असतो. खाली बसा. बोलू नका.

दोन बोटींच्या मध्ये हात-पाय घालून ढकलायचं नाही. या बोटी दहा टनांच्या आसपास असतात. मध्ये फेंडर, म्हणजे हवा भरलेला फुगा घालायचा, तो चेंगरला तर नवा मिळतो. धक्क्यावर उडी मारू नका. शेजारच्या बोटीवरचा किंवा धक्क्यावरचा माणूस दोर पकडतो. दुसरी बोट येत असेल तेव्हा आपणही उठून तिचा दोर पकडायचा. हे कोणी सांगत नाही, पण सगळे बघत असतात.

१२. हायड्राला आमच्या नांगरात दुसऱ्याची साखळी अडकली. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. हायड्राचं बंदर चिमुकलं, दुपारीच भरतं, मग बोटींच्या मागे बोटी लागतात आणि पाण्याखाली साखळ्यांची जाळी होते. जो शेवटी आला त्याची साखळी सगळ्यांत वर, म्हणून तो आधी निघाला तर सुटसुटीत. त्यासाठी आदल्या संध्याकाळीच आजूबाजूला विचारून ठेवतात: उद्या किती वाजता निघणार? अडकलीच तर ओरडाआरडा नको. दुसऱ्याची साखळी दोरीने उचलून धरतात, आपला नांगर सोडवतात, मग ती हळूच सोडतात. पाच बोटींचे लोक कॉफीचे कप घेऊन बघत असतात, तेवढं सहन करायचं.

१३. किनाऱ्यावर जायला दुसऱ्याच्या बोटीवरून जावं लागतं. ते बरं दिसतं का?

बरं न दिसून सांगता कोणाला, दुसरा रस्ता नसतो. बोटी शेजारी-शेजारी बांधल्या असतील तर त्यांच्या पुढच्या डेकवरून, डोलकाठीच्या पुढून जायचं. कॉकपिट म्हणजे त्यांचा दिवाणखाना, तिथून नाही. पण हायड्रासारखं तुम्ही मागच्या रांगेत असाल तर त्यांच्या पूर्ण लांबीवरून जावं लागतं; मग कडेच्या वाटेने, पहिल्यांदा विचारून, चपला हातात घेऊन. खिडकीतून आत बघायचं नाही. रात्री उशिरा येताना हसणं-बोलणं धक्क्यावरच संपवा.

१४. खाडीत गाणी लावली तर चालतात का?

पाण्यावरून आवाज फार लांब जातो. तुम्हाला 'हळू' वाटणारं गाणं तीन बोटींपर्यंत शब्दांसकट पोहोचतं. ग्रीसमध्ये उन्हाळ्यात दुपारी ३ ते ५.३० आणि रात्री ११ ते सकाळी ७ हा शांततेचा वेळ कायद्यानेच आहे. आपल्या पुण्यातल्या १ ते ४ ची टिंगल करणाऱ्यांना हे जरूर सांगा.

जागेचाही नियम आहे: जो आधी नांगर टाकून बसलाय त्याचा हक्क पहिला. वारा फिरला आणि बोटी एकमेकींजवळ आल्या तर नंतर आलेल्याने उठायचं, भले त्याचं ताट वाढलेलं असो. नांगर वाळूत टाकतात, पॉसिडोनिया या समुद्राखालच्या गवताच्या गडद पट्ट्यात नाही. ते गवत वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पसरतं आणि एक नांगर क्षणात वाफाभर उपटतो.

१५. बोट लागली तर? सगळ्यांसमोर उलटी झाली तर?

होते, लाजू नका. खाली केबिनमध्ये जाऊ नका, तिथे वाढतं. वर, उघड्यावर, क्षितिजाकडे बघत बसा. उलटी आलीच तर वारा ज्या बाजूला जातोय त्या बाजूला, कठडा धरून, आणि कोणाला तरी सांगून. एकट्याने कडेला वाकू नका. त्याहून बरं म्हणजे बादली मागा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि निघायच्या आधी. सुरू झाल्यावर तीही बाहेर येते. आल्याची वडी खिशात असू द्या. बाकीच्यांनी फोटो काढायचे नाहीत आणि शेजारी बसून उकडलेलं अंडं खायचं नाही.

१६. नारळी पौर्णिमेला बोटीवर आहोत. नारळ अर्पण केला तर कोणी काही म्हणेल का?

भाव समजतो, पण टाकू नका. भूमध्य समुद्र २००९ पासून कचऱ्याच्या बाबतीत विशेष संरक्षित क्षेत्रात आहे. प्लॅस्टिकचा प्रश्नच नाही; उरलेलं अन्नसुद्धा बारीक करून, आणि जमिनीपासून १२ सागरी मैलांपलीकडेच टाकता येतं. आपल्या वाटेवर जमीन इतकी लांब जातच नाही. म्हणजे केळ्याचं सालही पिशवीत. आम्ही त्या दिवशी नारळ डोलकाठीला लावला, हळदकुंकू कागदावर वाहिलं (डाग: प्र. ९), पाणी समुद्राला दिलं आणि खोबरं सगळ्यांनी खाल्लं. स्किपरने दोन तुकडे मागून घेतले.

१७. मुलं रेडिओचा माइक घेऊन खेळली. बिघडलं का काही?

हो. व्हीएचएफ म्हणजे बोटीवरचा रेडिओ; त्याचं १६ नंबरचं चॅनल संकटात हाक मारण्यासाठी आणि पहिला संपर्क साधण्यासाठी सगळ्या बोटी ऐकत असतात. मुलांना पहिल्याच दिवशी दाखवा आणि हात लावू देऊ नका. त्यांना सुकाणू धरायला द्या, शांत पाण्यात स्किपर आनंदाने देतो. डेकवर लाइफ जॅकेट घालायचं, आणि हा नियम आजीने मोडला तर मुलं मोडणारच.

१८. काही तुटलं तर सांगायचं का? डिपॉझिट कापतील.

लगेच सांगायचं. विंचचा (दोर ओढायच्या चरख्याचा) दांडा पाण्यात पडला, काच तडकली, डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) खडकावर घासली, सगळं. बोट परत करताना पाणबुड्या तळसुद्धा बघून येतो, त्यामुळे लपत नाही. शिवाय शनिवारी संध्याकाळी तीच बोट दुसऱ्या कुटुंबाला जाते, आणि तुम्ही न सांगितलेली गोष्ट त्यांना भर समुद्रात सापडते. पैसे वर्गणीतून द्यायचे की फोडणाऱ्याने, हे आधी ठरवा. आमच्यात चुकून झालं तर वर्गणीतून, नको म्हटलेलं करून झालं तर स्वतःचे.

१९. टिप किती?

पूर्ण क्रू असलेल्या मोठ्या बोटींवर भाड्याच्या ५ ते १५ टक्के असा प्रघात आहे. एकट्या स्किपरला ठरलेलं काही नाही. आम्ही माणशी २५ युरो काढतो, सहांचे १५०, पाकिटात घालून शेवटच्या सकाळी एकाने द्यायचे. सगळ्यांसमोर नोटा मोजायच्या नाहीत. उरलेलं तेल-मीठ-डाळ देणं ही टिप नव्हे. ते द्याच, पण वेगळं.

२०. एखाद्याला मध्येच उतरायचं असेल तर?

उतरता येतं. एजिना, पोरोस, हायड्रा, तिन्हीकडून अथेन्सच्या पिरेयस बंदराला फेरी जाते. स्किपरला आदल्या दिवशी सांगा, कारण प्रवाशांच्या यादीत तुमचं नाव असतं आणि ती बदलावी लागते. वर्गणी परत मागू नका. तुमच्या वाटणीचं डिझेल आणि पाणी आधीच संपलेलं असतं. आणि शुक्रवारी उतरू नका. त्या दिवशी सगळ्याच बोटी टाकी भरून परत द्यायला अलिमोसकडे धावतात, डिझेलला रांग लागते, आणि स्किपरला दोर धरायला प्रत्येक माणूस हवा असतो.